दोऱ्याएवढं अंतर

रात्री साडेदहाच्या सुमाराला आईच्या खोलीतला दिवा जातो आणि माझ्या टेबलावरचे दोन उजळतात. उजळतात म्हणजे तरी काय! खोली अंधारी असली आणि बघणाऱ्याला घाई नसली तरच दिसावं, असं काहीतरी काचेच्या पोटात होत असतं. आधी काहीच नाही. मग राखेखालच्या निखाऱ्यासारखा एक लालसर ठिपका. मग तो तारेच्या कडेकडेनं वर सरकतो, केशरी होतो आणि आपलं घर आल्यासारखा थांबतो. मागच्या भिंतीवर जेमतेम तळहाताएवढी झाक पडते. उन्हात टाकलेल्या गाद्यांना येतो तसा तापल्या धुळीचा वास सुटतो. या उजेडात वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही.

ऐकता येतं.

हा माझा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, फक्त हेडफोनसाठी करून घेतलेला. तापायला त्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढा वेळ मी हेडफोन कानावर चढवून नुसती बसते. मैफिलीआधी, सगळ्यांचं खोकून झाल्यावर, तंबोरे लागत असताना सभागृहात जी शांतता पसरते, त्या जातीची ती शांतता. शेजारच्या खोलीत आईच्या उशाशी एका निळ्या डबीत तिची कानातली यंत्रं निजलेली असतात. रात्री त्यांची बॅटरीची चिमुकली दारं उघडी ठेवायची असतात. एखादं चुकून लागलेलं राहिलं, की ते डबीतल्या डबीत शिट्टी घालत बसतं, आणि ती शिट्टी घरात फक्त मला ऐकू येते.

तीही अ‍ॅम्प्लिफायरच की. दोन तिची, एक हा दिव्यांचा, एक माझी चिपवर चालणारी काळी पेटी, आणि एक भाच्यानं कॉलेजात असताना पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलेला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा. (चू मॉय या माणसानं आखलेली ती साधी जोडणी, जगभरच्या हौशी पोरांनी ती असल्याच डब्यांत बसवली.) घरात माणसं दोन आणि अ‍ॅम्प्लिफायर पाच.

अ‍ॅम्प्लिफायरचं काम सांगायला सोपं. फोनमधून येणारी विजेची लहर नाजूक असते, तिच्यानं हेडफोनमधला पडदा पुरेसा हलत नाही, म्हणून मधली पेटी तिला बळ देते. लहरीचा आकार तोच, अंगात ताकद जास्त. बस. पण स्वयंपाकाचंही वर्णन असंच करता येईल. डाळ तीच, पाणी तेच, फोडणीची मोहरीही त्याच डब्यातली, आणि तरी आईच्या हातचं वरण आणि माझ्या हातचं वरण ही दोन वेगळी वरणं आहेत. हाताला चव असते, तशी या पेट्यांनाही असते. हेडफोनचा जन्मही स्वयंपाकघरातलाच, ही मला आवडणारी गोष्ट. अमेरिकेत यूटामध्ये राहणाऱ्या नॅथॅनियल बॉल्डविन यांनी १९१० च्या सुमाराला घरच्या स्वयंपाकघरात कानाला लावायचे फोन बनवले आणि ते थेट अमेरिकी नौदलाला विकले. मला आपलं वाटतं, शेजारी शेगडीवर काहीतरी रटरटत असणार.

दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मला एका काकांनी करून दिला. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, आता घरीच बसलेले. सुटे भाग त्यांनी तपकीर गल्लीतून आणले, पण व्हॉल्व्ह मात्र पुण्याच्या जुन्या बाजारातून, रविवारी सकाळी, गोणपाटावर पसरलेल्या कुलपांच्या, पितळी नळांच्या आणि चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमांच्या गर्दीतून निवडून. त्यातल्या एकावर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का आहे, अर्धा पुसलेला. काकांनी तो अंगठ्यानं हळूच पुसून मला दाखवला, नातवाचा पहिला दात दाखवावा तसा. मग पेटी माझ्या हातात देताना म्हणाले, "आत बोट घालायचं नाही. चालू असताना तर नाहीच, बंद केल्यावरही नाही. कॅपॅसिटर वीज धरून ठेवतात. बंद केल्यावरही थोडा वेळ त्यात जीव असतो."

त्यांच्या तोंडून तो शब्द आला आणि मी तिथल्या तिथे मिरजेत पोचले.

आमचं घर सतारमेकर गल्लीपासून दोन बोळ सोडून होतं. शाळेतून येताना सरळ रस्ता सोडून मी त्या गल्लीतून यायची. सरसाचा, लाखेचा आणि वाळत घातलेल्या भोपळ्यांचा मिळून एक वास तिथे दुपारभर तरंगत असायचा. पंढरपूरच्या बाजूनं आलेले ते अजस्र भोपळे दुकानाच्या माळ्यावर पालथे पडलेले असत, एखाद्या पंगतीतून उठून आलेल्या आणि वामकुक्षीला लवंडलेल्या माणसांसारखे. एकदा आईनं मला मुद्दाम बरोबर नेलं. तिच्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती. लग्नाआधी ती दहा वर्षं गाणं शिकली होती. लग्नानंतर तंबोरा गवसणीत गेला आणि वर्षातून चार-सहा वेळा बाहेर येऊ लागला. दुकानातले म्हातारबाबा घोडीवर कानस फिरवत आणि तार छेडत. मान एका बाजूला कलती, डोळे आमच्याकडे, पण आम्हाला बघत नसलेले. पुन्हा कानशीचा एक हात, पुन्हा तार. अर्ध्या तासात त्यांनी घासून काढलेला भुगा चिमटीतसुद्धा आला नसता. मग त्यांनी सुताचा एक दोरा घेतला, तारेखाली घोडीवर ठेवला आणि नखानं सरकवायला लागले. त्या दोऱ्याला जीवा म्हणतात. तार मुकी होती, मुकी होती, जरा घोगरी झाली, दोरा आणखी केसभर पुढे गेला आणि एकाएकी तारेतून भुंग्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज खोलीभर उघडला.

"बोलली," म्हातारबाबा म्हणाले.

आईनं मला भोपळ्याला कान लावायला सांगितलं. कानाखाली तो सगळा गोल थरथरत होता, गाईच्या पोटाला हात लावल्यावर लागतो तसा ऊबदार. आई चार तारा छेडत होती, पंचम आणि षड्ज, षड्ज, खरज, आणि म्हणत होती, "आता गंधार ऐक. कोणी वाजवत नाहीये तो, तरी आहे." मी आठ वर्षांची होते. मला आधी काहीच कळलं नाही. मग तारांच्या गुंजनात वरच्या अंगाला, पाण्यात पडलेलं नाणं हलत्या उन्हात दिसतं-लपतं तसं काहीतरी दिसलं. दिसलं, असंच मी तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं.

पुढे शाळेत पदार्थविज्ञानानं त्याचा हिशोब लावून दिला. कुठलाही स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुपटीवर वरचा सा असतो, तिपटीवर पंचम, पाचपटीवर गंधार, आणि हे सगळे त्या एकाच सा च्या पदराखाली उभे असतात. जवारी त्यांना पदराबाहेर काढते. घोडी सपाट नसते, किंचित बाकदार घासलेली असते; थरथरताना तार तिला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर झरतात. तार मोकळी हलायला हवी, असा कोणी नियम केला तर जवारी हा दोषच ठरेल. व्हॉल्व्हचंही असंच आहे. तो लहर जशीच्या तशी मोठी करत नाही. मोठी करताना तिच्या दुपटीची एक पुसट सावली तिला जोडतो, एक टक्का, कधी त्याहूनही कमी. गाणाऱ्याच्या सा वर वरच्या सा ची साय धरते. इंजिनिअर त्याला डिस्टॉर्शन म्हणतात, आणि कोशात त्याला प्रतिशब्द विकृती असा आहे. म्हणजे मिरजेच्या त्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या विकृती घासून घासून तयार होत होती म्हणायची! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "कानाला कसलं मानांकन देणार?"

काळ्या पेटीत असलं काही नाही. ती जे घेते तेच देते. तिच्यातली विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. किमतीनंही ती दिव्यांच्या पेटीहून बरीच खाली. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे, कारण व्हॉल्व्हच्या प्रेमात पडलेली माणसं चिपबद्दल फार वाईट बोलतात, आणि त्यातली निम्मी माणसं खाली उतरलेला आवाज आणि खोल आवाज यांत गफलत करत असतात. मी स्वतः ती केलेली आहे. पहिल्या महिन्यात मी सगळंच दिव्यांवर ऐकलं. ख्याल ऐकला, अभंग ऐकले, पाऊस पडत होता म्हणून काही जुनी गाणी ऐकली, आणि सगळंच कसं दुलईत गुरफटल्यासारखं, जिवलग वाटत होतं. मग एका रात्री सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या लावल्या.

ढोलकी मऊ झाली होती.

ढोलकी मऊ! टिपेला चढलेल्या शाईवर बोट पडतं तेव्हा पापणी लवावी असा जो चटका असतो, तो कोणीतरी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. तुणतुणं नाकात बोलायचं सोडून एखाद्या चांगल्या घरातल्या सुनेसारखं खालच्या मानेनं बोलत होतं. बाईंचा आवाज तेवढा गोल, भरलेला. पण लावणीत बाईंचा आवाज ढोलकीच्या अंगावर धावून जातो, ढोलकी त्याला अडवते, आणि त्या अडवण्यातच तर सगळी मजा असते. मी उठले, हेडफोनची पिन काढून काळ्या पेटीत खोचली. एकदम कोणीतरी तंबूची कनात वर केली. कपाळावर गॅसबत्तीचा पांढरा उजेड, घुंगरांचा प्रत्येक दाणा निराळा, मंजिरीची कड इतकी धारदार की जीभ लावली तर कापेल. लावणीला साय नको असते. तिला कड हवी असते.

तेव्हापासून मी गाणं बघून पेटी निवडते, साडी बघून पोत निवडावी तशी. भाचा येतो तेव्हा तो 'सैराट' लावतो. त्या २०१६ च्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथला मोठा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला. काळ्या पेटीवर त्यातल्या व्हायोलिनच्या रांगा पिकलेल्या शाळूसारख्या हलताना दिसतात, मागची रांग मागे, पुढची पुढे. दिव्यांवर तेच शेत संध्याकाळच्या धुरकटीत जातं. सुंदर दिसतं, पण ताटं मोजता येत नाहीत. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' मात्र मला दोन्हीकडे सारखीच लागते, आणि त्याचं कारण मला फार उशिरा सुचलं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत ती तबकडी मुद्रित झाली, तेव्हाचे मायक्रोफोन, टेपची यंत्रं, सगळी व्हॉल्व्हचीच. दिवे तिच्या आतच लावलेले आहेत. मी आणखी कशाला लावू?

अब्दुल करीम खाँसाहेबांचंही तसंच असायला हवं, पण नाही. खाँसाहेब आमच्या मिरजेचे. १९३७ मध्ये गेले, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे गवई अजून हजेरी लावतात. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या काळ्या पेटीवर ऐकल्या, की खरखर एकीकडे होते आणि आवाज दुसरीकडे. सूप हातात घेऊन कोणी तांदूळ आणि खडे वेगळे करून ठेवल्यासारखे. पाखडलेलं बरोबरच असतं. पण दिव्यांवर ती खरखर गाण्याच्या अंगावरून ओघळायला लागते, पत्र्यावरच्या पावसासारखी, आणि तिच्या आत बसून तो बारीक, टोकाचा, रेशमाच्या लडीसारखा आवाज सा वर ठरतो, मग जरा वर जातो, मग इतका वेळ कुठेच जात नाही, की ती तबकडी तीनच मिनिटांची आहे यावर विश्वास ठेवणं अवघड होऊन बसतं.

डग्ग्याची गोष्ट वेगळी आणि थोडी गमतीची. माझे हेडफोन सेनहायझरचे, एचडी ६५०. कागदावर त्यांचा अडसर ३०० ओहमचा, पण तो सगळ्या स्वरांना सारखा नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास तो वाढत वाढत पाचशेच्या घरात जातो. काकांच्या पेटीला बाहेर पडताना स्वतःचाही अडसर आहे, शंभरएक ओहमचा. या दोघांची वाटणी अशी होते, की जिथे हेडफोन जास्त अडवतो तिथेच त्याच्या वाट्याला जास्त येतं. हिशोब केला तर एखादा डेसिबल. वरणात चिमूटभर हिंग. पण नेमका तिथेच डग्ग्याचा घुमारा राहतो, तिथेच जवळपास तंबोऱ्याचा खरज. वादक मनगटाचा गादीसारखा भाग डग्ग्यावर दाबत पुढे नेतो आणि तो हुंकारतो, तेव्हा काळ्या पेटीवर मला डग्गा ऐकू येतो. दिव्यांवर छातीत, बरगड्यांच्या आत, कोणीतरी हात फिरवतं. भाच्याच्या चाळीस ओहमच्या स्वस्त हेडफोनना हीच पेटी लावली तर नुसता चिखल होतो. कोणाचं कोणाशी जमतं, हे पत्रिका बघून कळत नाही असं आई म्हणायची. इथे बऱ्यापैकी कळतं.

हे सगळं लिहिलं खरं, पण एक कबुली द्यायची राहते. एका रविवारी भाच्यानं माझी परीक्षा घेतली. डोळ्यांना ओढणी बांधली, दोन्ही पेट्यांचा आवाज मोजून सारखा केला (अर्धा डेसिबल मोठं असलेलं कोणालाही जास्त गोड वाटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं) आणि एकच ख्याल दहा वेळा, मनाला येईल त्या पेटीतून ऐकवला. दहापैकी सहा वेळा मी बरोबर सांगितलं. नाणं उडवलं असतं तर पाच आलेच असते. तो पोट धरून हसला. मी ओढणी सोडली आणि चहा टाकायला गेले. त्या रात्री मी दिवे लावलेच नाहीत. दुसऱ्या रात्री लावले.

आईचं ऐकणं कमी झालंय हे मला साखरेमुळे कळलं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "साखर संपली!" आणि ती बाहेरच्या खोलीतून कापऱ्या आवाजात म्हणाली, "कोण संपलं?"

स जातो आधी. मग श, फ, थ. ही अक्षरं वाऱ्याची. उंच, पातळ कंपनांवर तरंगत येणारी. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळत गेलेली नळी असते. तिच्या तोंडाशी उंच स्वर ओळखणारे बारीक केस आणि आत, शेवटच्या वळणावर, खर्जाचे. म्हातारपणात झिजतं ते तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी उंबरा झिजावा तसं; आणि एकदा गेलेले ते केस पुन्हा उगवत नाहीत. तपासणीच्या बंद खोलीत आई काचेपलीकडे मोठे हेडफोन लावून बसली होती, आवाज आला की बटण दाबायचं होतं, आणि ती परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी पाठ ताठ करून, ओठ घट्ट मिटून वाट बघत होती. बराच वेळ ती नुसती वाट बघत होती. मला बाहेरच्या स्पीकरवर ते बारीक टुंकार ऐकू येत होते. मग तिचा आलेख हातात आला: उजव्या कानाचे लाल गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या, फुली-गोळ्याच्या खेळासारखे, डावीकडे वरती एकमेकांना धरून चाललेले आणि उजवीकडे घाट उतरल्यासारखे कोसळत गेलेले.

यंत्रं आली. त्यांच्या बॅटऱ्या मुगाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, पाठीवर तपकिरी चिकटपट्टी. पट्टी सोलली की बॅटरी हवा घेते आणि मगच तिच्यात वीज सुरू होते. श्वास घेऊन जन्माला येणारी बॅटरी! आईला हे फार आवडलं. पट्टी सोलल्यावर ती बॅटरी मिनिटभर तळहातावर ठेवून बघत राहते. पहिल्या संध्याकाळी मात्र तिचे हाल झाले. भांडी अंगावर आली. कुकरची शिट्टी झाली आणि तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. पेपरचं पान उलटलं तर म्हणाली, "केवढ्यानं वाजतोय हा!" मी विचारलं, "आणि मी? मी कशी ऐकू येते?"

ती जरा थांबली. "स ऐकू येतात तुझे," म्हणाली. "पण तू पत्र्याच्या डब्यात बसून बोलतेयस."

आठवड्याभरानं तिनंच कपाटावरचा तंबोरा काढायला सांगितला. गवसणीची नाडी सोडताना तिची बोटं अडखळली नाहीत. तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या, मणी खाली-वर केले. अर्धा तास गेला, पाऊण गेला, आणि तरी ती लावतच होती. मला तर तंबोरा केव्हाच लागल्यासारखा वाटत होता. शेवटी तिनं हात काढला.

"हलतोय गं. स्थिर राहतच नाहीये. थरथरतोय, मग बुडतो, मग वर येतो." मग कानातून एक यंत्र काढून तिनं हातावर घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "याची जवारी कोणी काढलीच नाही."

ती म्हणाली ते शब्दशः खरं होतं. ती यंत्रं बोलण्यासाठी केलेली असतात. बोलणं तुटक, सतत बदलणारं. त्यामुळे एकसारखा चालू राहणारा आवाज आला की यंत्राला तो पंख्याचा वाटतो आणि ते तो खाली दाबतं. लांबलेला शुद्ध स्वर आला, की त्याला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते ती पुसायला धावतं. पुसलं की स्वर जातो, गेला की यंत्र थांबतं, थांबलं की स्वर पुन्हा येतो. तंबोरा म्हणजे तर न संपणारा स्वर. बिचारं यंत्र स्वतःच्याच सावलीशी झोंबत होतं आणि ती झोंबी आईच्या कानात चालली होती. पुढे संगीतासाठीची वेगळी सोय त्यात चालू करून घेतली. थोडा फरक पडला. पण तंबोरा पुन्हा गवसणीत गेला, आणि या वेळी नाडीची गाठ तिनं नेहमीपेक्षा घट्ट मारली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे बारा वाजून गेले असतील. मी दिवे लावून कुमार गंधर्वांचं गाणं ऐकत होते. गाण्याच्या आधी तिथे नुसते तंबोरेच असतात, आणि ते इतके एकमेकांत मिसळलेले असतात, की दोन आहेत हे विसरायला होतं. पाठीमागे आई कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. पाणी प्यायला उठली होती. कानात यंत्रं नव्हती.

"काय ऐकतेस?"

सांगून उपयोग नव्हता. मी तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवरून हळूच कानावर उतरवले, आणि आवाजाचं बटण तिच्या चेहऱ्याकडे बघत, थोडं थोडं करून वर नेलं. एका जागी तिच्या भुवया सैल झाल्या. तिथे थांबले. व्हॉल्व्हची झाक तिच्या हनुवटीखाली पडली होती. मला मनात धास्ती होती, की जवारीची ती वरची चमक, ते भुंगे, तिच्यापर्यंत काय पोचणार. उंबरा तर कधीच झिजलेला. ती डोळे मिटून बसली. खुर्चीच्या हातावर तिचा उजवा हात होता. बराच वेळ तो नुसता होता. मग मधलं बोट उचललं गेलं आणि लाकडावर टेकलं, त्यामागून तर्जनी, तर्जनी, तर्जनी. पंचम, षड्ज, षड्ज, खरज.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिनं डोळे उघडल्यावर ओठ मोठे करून विचारलं, "गंधार ऐकू येतो?"

तिनं डोळे मोठे केले, मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखे.

"येतो की. तो कुठे जातोय?"

नंतर मी कागदावर मांडून पाहिलं. खरजाची पाचपट, साडेतीनशे-चारशे हर्ट्झच्या आसपास. स च्या किती तरी खाली. शंखाच्या आतल्या वळणावर, जिथे अजून कोणाचे पाय पोचलेले नाहीत. पण हे नंतर. त्या वेळी मी तिच्या बोटांकडे बघत होते आणि ती माझ्या टेबलाकडे.

"ते दिवे घालव आता," ती म्हणाली. हेडफोन लावलेले असल्यामुळे जरा मोठ्यानंच. "उगाच जळतायत."

मी बटण खाली केलं. केशरी तारा लाल झाल्या, राखाडी व्हायला लागल्या. भिंतीवरची झाक आत ओढल्यासारखी गेली. हेडफोन अजून तिच्या कानावर होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त खुर्चीच्या हातावर तिचं मधलं बोट, तर्जनी, तर्जनी, तर्जनी. मग मधलं बोट, तर्जनी, तर्जनी. आता जरा सावकाश. मी मोजत राहिले. अंधारात तिचं मधलं बोट पुन्हा उचललं गेलं आणि खाली यायच्या आधी किंचित थांबलं.